विश्लेषण : ऐन थंडीतच गिझर का बंद पडतो? घरी काय तपासायचे, हात कुठे आवरायचा?

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील किमान तापमानाच्या यादीत गोंदियाचे नाव अनेकदा सर्वांत खाली असते. पारा १० अंशांच्या खाली उतरला की देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या जंगलालगतच्या गावांत थंडी अधिकच बोचते. कापणी झालेल्या मोकळ्या बांध्यांवरून वारा थेट वस्तीत शिरतो आणि पहाटेचे धुके उशिरापर्यंत हटत नाही. इथल्या घरांत पाणी तापवण्याची साधने वेगवेगळी आहेत. कुठे अंगणातली चूल आणि बंब, कुठे बादलीतला रॉड, कुठे विजेचा किंवा गॅसचा गिझर, तर कुठे छतावरचा सौर बंब. यांतले एखादे साधन नेमके कडाक्याच्या थंडीत दगा देते. मग घाईघाईने शोधलेला पर्याय कधी कधी बिघाडापेक्षा जास्त महागात पडतो. हे का होते आणि काय करावे, याचा हा आढावा.

थंडीमुळे उपकरण बिघडते का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडची थंडी गिझरचे लोखंड किंवा वायर बिघडवण्याइतकी तीव्र नसते. थंडी फक्त उपकरणावरचा भार वाढवते. उन्हाळ्यात महिनोन् महिने बंद असलेला गिझर अचानक रोज दोन-तीनदा चालू लागतो. सैल झालेली पिन, कॉइलवर साचलेला क्षार, उतरलेला सेल, अडकलेली जाळी हे सगळे आधीपासून असतेच. कमी वापरात ते लपून राहते आणि जास्त वापरात उघडे पडते.

म्हणून ‘गिझर बंद पडला’ असे म्हणण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पाणी अजिबात गरम होत नाही की फक्त पूर्वीइतके गरम होत नाही? पहिल्यात बिघाड असतो. दुसऱ्यात बरेचदा बिघाड नसतोच.

पाणी तापायला जास्त वेळ का लागतो?

हिशेब सोपा आहे. २५ लिटरच्या गिझरमध्ये २५ अंशांचे पाणी ५० अंशांऐवजी आंघोळीपुरते ४५ अंशांवर न्यायचे, तर २००० वॉटच्या कॉइलला साधारण १७ मिनिटे लागतात. टाकीतले पाणी रात्रभर गारठून १५ अंशांवर आले असेल तर त्याच कामाला २६ मिनिटे लागतात. म्हणजे गिझर ठणठणीत असूनही दीडपट वेळ.

यात दुसरी भर पडते ती कमी दाबाच्या विजेची. गाव वाहिनीच्या टोकाला असेल आणि पहाटे सगळ्या घरांतले गिझर, रॉड, शिवारातले पंप एकाच वेळी सुरू झाले तर व्होल्टेज पडते. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज सुमारे २२ टक्क्यांनी कमी होते, पण २००० वॉटची कॉइल सव्वाबाराशे वॉटच्या आसपासच काम करते. म्हणजे उष्णता जवळपास ३९ टक्क्यांनी घटते. २६ मिनिटांचे काम ४० मिनिटांच्या पुढे जाते. घरातला बल्ब मंद दिसत असेल, पंखा संथ फिरत असेल, तर आधी व्होल्टेजवर संशय घ्यावा.

अशा वेळी गिझर उघडून उपयोग नाही. तो अर्धा तास आधी सुरू करावा. पाण्याची मोटर आणि गिझर एकाच वेळी चालवू नये. कमी व्होल्टेजचा कॉइलला अपाय होत नाही, पण मोटर जास्त करंट ओढते आणि जळू शकते. व्होल्टेज रोजच पडत असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा. एका घरापेक्षा गल्लीतल्या पाच-सहा घरांनी तक्रार केली तर अडचण एका घराच्या वायरिंगची नसून वाहिनीची किंवा ट्रान्सफॉर्मरची आहे, हे लगेच कळते.

विजेचा गिझर अजिबात तापत नसेल तर?

तपासणीचा क्रम बाहेरून आत असावा : वीज, पाणी, मग उपकरण.

सर्वांत आधी वीज. घरात इतर ठिकाणी वीज आहे का आणि गिझरचा एमसीबी खाली पडला आहे का, ते पाहावे. पडला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर गिझरमध्ये किंवा वायरमध्ये दोष आहे. तो पुन्हा पुन्हा वर करणे, चिकटपट्टी लावून धरून ठेवणे किंवा त्याजागी जाड तार लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.

नंतर प्लग. २००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर आणि ३००० वॉटचा १३ अँपिअर करंट घेतो. तो मोठ्या पिनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा. मोबाइल चार्जरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो चालवू नये. मुख्य स्विच बंद करून पिन पाहावी. ती काळवंडली असेल, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येत असेल, तर पिन सैल आहे. थंडीत बंद पडणाऱ्या अनेक गिझरचा आजार या पिनेतच असतो आणि इलंेक्ट्रिशियनला तो सॉकेट बदलून मिटवता येतो.

मग पाणी. नळयोजनेचे पाणी ठरावीक वेळेतच येत असेल आणि छतावरची टाकी रिकामी झाली, तर गिझरमध्येही पाणी कमी असू शकते. कोरड्या टाकीत कॉइल सुरू झाली तर ती काही वेळातच जळते. म्हणून बरेच दिवसांनी गिझर लावताना किंवा टाकी रिकामी होऊन भरल्यावर आधी गरम पाण्याचा नळ सोडावा. हवा फुसफुसत निघून सलग धार आली की मगच बटण दाबावे. ही एक सवय अनेक कॉइल वाचवते.

शेवटी उपकरण. गिझरचा दिवा लागतो, वीज आणि पाणीही आहे, पण अर्ध्या तासानंतरही पाणी गारच आहे, तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असण्याची शक्यता मोठी. पाणी जास्त तापले तर वीज तोडणारा एक सुरक्षा कटआउट आत असतो. काही गिझरमध्ये तो पुन्हा दाबून सुरू करावा लागतो. त्यासाठी झाकण उघडावे लागते, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनचेच. शिवाय कटआउट उगाच पडत नाही. थर्मोस्टॅट अडकल्यामुळे तो पडला असेल, तर फक्त बटण दाबून देणारा मेकॅनिक खरा दोष तसाच ठेवून जातो. ‘कटआउट का पडला?’ हा प्रश्न त्याला विचारायलाच हवा. कटआउट काढून वायर थेट जोडून देण्याचा ‘जुगाड’ तर कधीही मान्य करू नये. तापत राहणाऱ्या बंद टाकीत वाफेचा दाब वाढून ती फुटू शकते.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना दोन-चार थेंब पडणे स्वाभाविक आहे. सतत धार लागली तर दाब किंवा तापमान जास्त आहे. ती धार बूच मारून बंद करू नये.

गिझरमधून खडखड आवाज का येतो?

बोअरवेलच्या किंवा विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की ते पांढऱ्या थराच्या रूपात बाहेर पडून कॉइलवर चिकटतात. चहाच्या किंवा पाणी तापवण्याच्या भांड्याला बसणारा पांढरा थर तोच. हा थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. कॉइल आत जास्त तापते, थराखाली अडकलेले पाणी उकळून खडखड आवाज येतो आणि शेवटी कॉइल तडकते. तडकलेल्या कॉइलमधून वीज पाण्यात उतरू शकते.

गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या आधी, टाकी धुऊन कॉइलवरचा थर काढून घ्यावा आणि कांडी पाहून घ्यावी. हेच काम जानेवारीच्या पहाटे निघाले, तर देवरी किंवा गोंदियाहून मेकॅनिक येईपर्यंत घर गार पाण्यावर राहते.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर तो किरकोळ दोष समजू नये. मुख्य स्विच लगेच बंद करावा. अर्थिंग नीट असणे आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच म्हणजे आरसीसीबी असणे, हे गिझरच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचे आहे.

गॅस गिझर पेट का घेत नाही?

साध्या कारणांपासून सुरुवात करावी. बहुतेक गॅस गिझरला ठिणगीसाठी दोन मोठे सेल लागतात. टिक-टिक आवाज येत नसेल किंवा अगदी मंद येत असेल तर सेल बदलावेत. टिक-टिक होते पण ज्योत येत नाही, तर सिलिंडरचा रेग्युलेटर आणि गिझरचा गॅसचा कॉक उघडा आहे का ते पाहावे. टिक-टिकच सुरू होत नसेल आणि सेल नवे असतील, तर पाण्याचा दाब कमी असावा. पाणी पुरेशा जोराने वाहू लागल्याशिवाय आतला पडदा गॅसची वाट उघडत नाही. टाकी गिझरपेक्षा फार उंच नसेल किंवा पाणी आत येण्याच्या तोंडाची जाळी गाळाने भरली असेल, तर हाच त्रास होतो. जाळी काढून धुणे घरी जमते.

थंडीतला खास दोष मात्र सिलिंडरचा आहे. घरगुती गॅस हे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. सिलिंडरमधला द्रव वायू होताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे सिलिंडर गार पडतो. गॅस गिझर चुलीच्या पाच-सहा बर्नरइतका गॅस एकदम ओढतो. सिलिंडर संपत आलेला, त्यात ब्युटेन जास्त उरलेले आणि पहाटेची थंडी, असे जुळून आले की वायू पुरेशा वेगाने तयार होत नाही. सिलिंडरवर दव धरते, ज्योत लहान होते, गिझर मध्येच विझतो. तोच सिलिंडर दुपारी नीट चालतो.

यावर उपाय म्हणजे थोडा वेळ थांबणे, पाण्याची धार कमी करणे किंवा भरलेला सिलिंडर लावणे. सिलिंडरवर गरम पाणी ओतणे, तो आडवा करणे, हलवणे किंवा शेकोटीजवळ ठेवणे हे सर्व जीवघेणे प्रकार आहेत. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून दार खालपर्यंत उघडे हवे.

चालू असलेला गॅस गिझरही धोकादायक ठरतो?

हो. न्हाणीघरात आत बसवलेला गॅस गिझर हा बंद पडलेल्या गिझरपेक्षा मोठा धोका आहे. एक किलो गॅस जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. मध्यम गॅस गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. म्हणजे १० मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटरहून जास्त हवा खर्च होते. पाच फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवाच सात घनमीटरच्या आत असते. थंडी म्हणून झरोका कापडाने बंद केला असेल, तर प्राणवायू कमी पडतो आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने त्याला धरून ठेवते. श्वास सुरू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. माणूस गरम पाण्याच्या वाफेत बसल्यासारखा सुस्तावतो आणि दार आतून बंद असतानाच बेशुद्ध पडतो. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदींना ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे.

गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. ते शक्य नसेल, तर आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला बसावे. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली किंवा गिझरच्या अंगावर काजळी धरली, तर वापर त्याच दिवशी थांबवावा.

धुक्याच्या दिवसांत सौर बंब का चालत नाही?

ऊनच कमी मिळते म्हणून. त्यात बिघाड नसतो. मात्र धुके नसतानाही पाणी कोमट येत असेल तर काचेच्या नळ्यांवरची धूळ, टाकीतली कमी पाण्याची पातळी आणि पाइपमध्ये अडकलेली हवा या तीन गोष्टी पाहाव्यात. नळ्या धुवायच्या त्या पहाटे किंवा संध्याकाळी. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडले तर त्या तडकतात. शक्य असेल तर गरम पाणी संध्याकाळीच काढून वापरावे, कारण रात्रभरात टाकीची उष्णता काही प्रमाणात कमी होतेच.

गिझर बंद म्हणून रॉड लावला तर?

पाणी तापवणारा रॉड स्वस्त आहे, पण त्यात वीज आणि उघडे पाणी एकत्र येतात. रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत आडव्या काठीवर टांगावा. पाणी त्याच्यावरील खुणेपर्यंत असावे. आधी रॉड पाण्यात, मग बटण सुरू; काढताना आधी बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड. पाणी तापले का हे पाहायला बोट घालायचे ते पिन काढल्यावरच. लोखंडी बादली, ओली फरशी आणि जवळपास खेळणारी मुले असतील तर रॉड लावूच नये. एका-दोन दिवसांचा प्रश्न असेल, तर अंगणातल्या चुलीवर पाणी तापवणे जास्त सुरक्षित.

खोलीत निखारे ठेवणे किती घातक?

हिवाळ्यातला सर्वांत गंभीर प्रश्न हाच. अंगणातली शेकोटी विझत आली की तिचे निखारे घमेल्यात भरून खोलीत आणले जातात. घरात बाळंतीण, तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर खाटेखाली शेगडी ठेवली जाते. धूर निघून गेला, आता फक्त लाल निखारे आहेत, म्हणजे धोका संपला अशी समजूत असते. वास्तव उलट आहे. ज्वाळा आणि धूर नसलेला धगधगता कोळसा कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात सोडतो. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि माणूस जागा होतो. निखारे मात्र काहीच इशारा देत नाहीत.

झोपायच्या खोलीत रात्रभर निखारे, शेगडी किंवा गॅसची चूल ठेवू नये. खोली ऊबदार करायची असेल तर झोपण्याआधी, दार उघडे ठेवून, आणि झोपताना शेगडी बाहेर. गोधड्यांचे दोन थर, डोक्याला टोपी, पायांत मोजे, कापडात गुंडाळलेली आणि घट्ट झाकणाची गरम पाण्याची पिशवी हे उपाय जुने आहेत, पण त्यांनी कोणाचा जीव जात नाही.

विषबाधा झाल्याचे कसे ओळखावे?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उलटी, अंगातली ताकद गेल्यासारखे वाटणे, बोलण्यात गोंधळ. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर संशय पक्का समजावा. बेशुद्ध माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, दारे उघडावीत आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते, कारण ते कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही ‘प्राणवायूने भरलेले’ दाखवू शकते. म्हणून आकडा चांगला आला तरी रुग्णालय टाळू नये. खोलीत शेगडी होती किंवा गॅस गिझर चालू होता, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

थंड देशांत काय करतात?

अमेरिका आणि कॅनडात कडाक्याच्या हिवाळ्यात अनेक घरे तळघरातल्या फर्नेस नावाच्या गॅसभट्टीवर ऊबदार राहतात. तिची गरम हवा झडपांतून खोलीखोलीत जाते. तिकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात तिचा परिचय होतो. तीही थंडीतच बंद पडते आणि कारणे ओळखीची असतात. थर्मोस्टॅटचे सेल उतरलेले, ब्रेकर पडलेला, हवेची जाळी धुळीने भरलेली, धूर बाहेर टाकणारा पाइप बर्फाने बुजलेला किंवा पाणी बाहेर नेणारी नळी गोठलेली. तपासणीचा क्रमही तोच : वीज, इंधन, हवा-पाण्याची वाट, शेवटी यंत्र. मोठा फरक एकच. तिकडच्या बहुतेक घरांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा अलार्म भिंतीवर असतो. आता तो भारतातही ऑनलाइन मिळतो. गॅस गिझर वापरणाऱ्या घरात तो असावा.

मेकॅनिकला कधी बोलवायचे?

एमसीबी पुन्हा पडतो, नळाला झिणझिण्या येतात, जळका वास येतो, गॅसचा वास येतो, ज्योत पिवळी आहे किंवा टाकीतून सतत पाणी गळते, या सहांपैकी एकही गोष्ट दिसली तर घरगुती प्रयत्न तिथेच थांबवावेत. सेल बदलणे, जाळी धुणे, टाकी भरलेली आहे का पाहणे, नळ सोडून हवा काढणे, एमसीबी एकदा वर करणे, इतकेच घरच्या माणसाचे काम. झाकण उघडल्यानंतरचे सगळे काम माहीतगार माणसाचे.

फोन करताना ‘गिझर बंद आहे’ एवढेच न सांगता दिवा लागतो का, एमसीबी पडतो का, पाणी थोडे तरी गरम होते का, गिझर किती लिटरचा आणि किती वॉटचा आहे, हे सांगावे. त्यानुसार कॉइल किंवा थर्मोस्टॅट सोबत आणता येतो आणि लांबच्या गावी दुसरी फेरी वाचते. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि नव्या भागावर आयएसआय खूण पाहावी. वॉरंटी असताना कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर तक्रार करता येते. मेकॅनिक येईपर्यंत एक-दोन दिवस आंघोळ दुपारच्या उन्हात झाली तरी चालते. पण पहाटेच्या घाईत बंद खोलीत शेगडी पेटवू नये.